सर्व सोयींनी युक्त

जर्मन बनावटीचा जुना फोल्डिंग प्लेट कॅमेरा मिटलेला असला, की तो कॅमेरा आहे हे सांगूनही कुणाला पटत नाही. काळं चामडं चढवलेली एक चपटी पेटी, धरायला वर एक पट्टा, आणि चामड्यात दाबून उमटवलेलं कुठल्याशा कंपनीचं नाव. पुण्याच्या जुन्या बाजारात असा ऐवज दिसला, तर विकणारा त्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. एक, अँटिक आहे. दोन, जर्मन आहे. उघडून दाखवा म्हटलं की तो एकदम गंभीर होतो. कारण उघडायचं बटण चामड्याखाली लपवलेलं असतं आणि ते नेमकं कुठे, हे त्याच्या आधीच्या मालकानं त्याला सांगितलेलं नसतं. पेटी सगळीकडून दाबून झाली, की तो आपलीच समजूत काढावी तशा सुरात म्हणतो, "घरी जाऊन आरामात उघडा ना साहेब. घाई काय आहे?"

बटण एकदाचं सापडलं की मात्र पैसे वसूल. पुढचं झाकण खाली येऊन आडवं होतं आणि त्याचाच ओटा बनतो. ओट्यावर दोन चकचकीत रूळ. आत, पेटीच्या पोटात, भिंगाची पाटी मान खाली घालून बसलेली असते. तिच्या पायाशी दोन छोट्या पकडी आहेत, त्या चिमटीत धरून तिला रुळांवरून पुढे ओढायची. मागोमाग घडीघडीचा भाता उलगडत येतो आणि जुनं चामडं, ग्रीस आणि कुणाच्या तरी कपाटातली डांबराची गोळी असा एकत्र वास सुटतो. पाटी खट् करून एका खाचेत थांबते. ही खाच अनंताची. म्हणजे इथून क्षितिजापर्यंतचं सगळं दूरचं दृश्य स्पष्ट दिसणार. अनंतापर्यंत पोचायला आपल्याकडे कितीतरी संतमंडळींना आयुष्य वेचावं लागलं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कारागिरांनी ते काम पितळेच्या एवढ्याशा तुकड्यावर भागवलं.

पहिल्या महायुद्धानंतरची पंधरा-वीस वर्षं हा या कॅमेऱ्यांचा भरभराटीचा काळ. ब्राउनश्वाइगच्या फॉइग्टलेंडर कंपनीचे आवुस आणि बेर्गहाइल, ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनचे मॅक्झिमार आणि आयडियल, एवढे तर जुन्या बाजारांत हिंडणाऱ्यांना तोंडपाठ असतात. भिंग बहुधा टेसार किंवा स्कोपार. काचेची प्लेट ९ × १२ सेंटिमीटरची, नाहीतर धाकटी, साडेसहा × ९ ची. इंग्रजांनी अर्थातच स्वतःचं वेगळं माप ठेवलं होतं, सव्वातीन × सव्वाचार इंच, आणि त्याला ते 'क्वार्टर प्लेट' म्हणत. कशाचा क्वार्टर, तर साडेसहा × साडेआठ इंचांच्या पूर्ण प्लेटचा. हिशोब बरोबर आहे. पण इंग्रजी कॅमेऱ्यात जर्मन प्लेट जात नाही, हाच खरा हिशोब असणार.

या कॅमेऱ्यात सोयी किती होत्या म्हणून सांगू! भिंगाची पाटी वर सरकते. डावी-उजवीकडेही सरकते. भाता दुप्पट लांब ताणता येतो, म्हणजे फुलावर बसलेली माशीसुद्धा जवळून टिपता येईल, फक्त ती तेवढा वेळ बसली पाहिजे. ओट्यावर मीटरमध्ये अंतरं कोरलेली पट्टी. कॅमेरा समपातळीत आहे की नाही हे दाखवणारी, बुडबुडा असलेली चिमुकली नळी. उभा फोटो, आडवा फोटो, दोन्हींसाठी तिपाईची वेगवेगळी भोकं. एवढ्या सगळ्या सोयी, आणि सोय म्हणून एकही नाही. कॅमेरा स्वतःहून काहीच करत नाही. सगळं करायची मुभा देतो आणि गप्प बसतो.

दृश्य बघायचीच गोष्ट घ्या. त्यासाठी एका कॅमेऱ्यात तीन साधनं दिलेली असतात आणि तिघांची मतं निरनिराळी. मागच्या बाजूला दुधी काच असते. तिच्यावर सगळं जग स्पष्ट, सुंदर, पण डोकं खाली पाय वर. समोरच्या घरातले आजोबा छताला लटकून पेपर वाचताना दिसतात. भिंगाशेजारी नखाएवढा एक आरशाचा फाइंडर असतो, ज्यात वरून डोकावायचं. त्यात माणसं पायांवर उभी असतात, पण डावीकडची उजवीकडे गेलेली. चालत्या माणसाच्या मागे कॅमेरा वळवायला जावं, तर तो माणूस चौकटीतून आणखी वेगानं पळ काढतो. तिसरं साधन म्हणजे तारेची एक चौकट. ती उभी करायची आणि मागच्या छोट्या भोकाला डोळा लावून तिच्यातून समोर बघायचं. हिच्यात ना भिंग, ना काच, ना आरसा. नुसती वाकवलेली तार. आणि तिघांत खरं बोलणारी ही एकटीच. प्रकाशशास्त्राचा सगळा खर्च पहिल्या दोघांवर झालेला, आणि जग सरळ कुठे दिसतं, तर जिच्यात काहीच घातलेलं नाही तिच्यात!

आता ती वर सरकणारी पाटी. ही खानदानी सोय आहे आणि तिच्यामागे खरी गरज होती. उंच इमारत पूर्ण यावी म्हणून कॅमेरा वर तोंड करून धरला, की इमारत फोटोत मागे कलते. कॅमेरा सरळ ठेवून फक्त भिंग वर सरकवलं, तर इमारत ताठ उभी राहते आणि वरचा कळसही चौकटीत येतो. इंग्लंडात केंब्रिजला फ्रेडरिक सँडरसन नावाचा सुतारकाम आणि कोरीवकाम करणारा गृहस्थ होता. त्याला जुन्या इमारतींचे फोटो काढायचा नाद. बाजारातले कॅमेरे इमारतींना नीट उभं करेनात, म्हणून त्यानं स्वतःच खाचा पाडलेल्या दांड्यांवर भिंगाची पाटी हवी तशी वरखाली आणि तिरकी होईल असा साज बसवला आणि १८९५ साली पेटंट घेतलं. सँडरसन कॅमेरा पुढे खूप चालला. मुंबईच्या राजाबाई टॉवरसारखा २८० फुटी मनोरा फुटपाथवरून पूर्ण घ्यायचा असेल, तर ही सोय लागतेच.

प्रश्न एवढाच, की राजाबाई टॉवरचे फोटो काढत किती लोक हिंडत होते? ९ × १२ चा कॅमेरा घेणारे लोक होते शाळामास्तर, डॉक्टर, बँकेतले हेडक्लार्क. जर्मनीतला हेडक्लार्क रविवारी तो घेऊन एल्बे नदीकाठी जाई आणि झाडाखाली सतरंजी टाकून बसलेल्या आपल्या सासूचा फोटो काढी. सासूबाई बसलेल्या असताना त्यांची उंची भिंग वर सरकवण्याइतकी भरत नाही. मुंबईच्या बंदरात उतरलेले असेच कॅमेरे इथल्या वकील-डॉक्टरांच्या घरीही पोचले. इथे सासूबाईंच्या जागी मावशी, सतरंजीच्या जागी जाजम. बाकी सगळं तेच.

याचा पुरावा कॅमेऱ्याच्याच अंगावर सापडतो. जुने कॅमेरे निरखायचा मला छंद आहे आणि कपड्यांवरून माणूस ओळखावा तसा मी झिजेवरून मालक ओळखतो. पट्टा तुटून पुन्हा शिवलेला. उघडायच्या बटणावरचं चामडं उडालेलं. अंतराच्या पट्टीवर अनंताचं चिन्ह आणि तीन मीटर हे दोनच आकडे पुसट, बाकीचे नवेकोरे. आणि पाटी वर चढवायचा तो सुबक, दातेरी, निकेलचा स्क्रू? काल कारखान्यातून आल्यासारखा. नव्वद वर्षांत कुणी त्याला बोट लावलं नसावं. ताणून लांब करायच्या भात्याची मागची अर्धी घडी अजून कडक आणि काळीभोर, पुढची अर्धी उन्हानं विटलेली. मालकानं दुप्पट भात्याचे पैसे मोजले आणि वापरला एकपटच. हा कॅमेरा 'सर्व सोयींनी युक्त' म्हणून विकला गेला, घेणाऱ्यानं तो 'सर्व सोयींनी युक्त' म्हणून शेजाऱ्याला दाखवला, आणि मग जन्मभर तीन मीटरवरून मावशी टिपली. नवा फोन घेणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, पण हा आजार फोनपेक्षा कितीतरी वर्षांनी थोरला आहे.

शटरमध्येही तीच उधळपट्टी. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेलनं १९१२ साली कॉम्पुर शटर आणलं. आत घड्याळासारखी चक्रं, आणि पूर्ण एका सेकंदापासून सेकंदाच्या दोनशेव्या भागापर्यंत वेग. एका सेकंदावर लावून दाबलं की आतून झर्रर्र असा समाधानी आवाज येतो. आतलं तेल आता वाळून राळ झालं आहे, त्यामुळे आज तो सेकंद मजेत तीन सेकंद चालतो आणि मधेच थांबून विचारही करतो. पण नवा असतानासुद्धा हौशी माणूस त्यावर पंचविसावा भाग लावत असे आणि तिथेच ठेवत असे. उन्हात चालतो, सावलीत चालवून घेतात.

या सगळ्या सोयी बाजूला ठेवल्या, तरी फोटो काढायची रीत काही सोपी नव्हती. कॅमेरा तिपाईवर चढवा. शटर उघडं ठेवा, ॲपर्चर पूर्ण मोकळं करा. डोक्यावरून काळं कापड घ्या आणि उलट्या मावशींना दुधी काचेवर स्पष्ट करा. शटर बंद करा. ॲपर्चर बारीक करा. वेग लावा. शटरला ताण द्या. दुधी काच काढा. तिच्या जागी प्लेटचा होल्डर सरकवा. होल्डरवरची काळी पट्टी वर ओढा. आता, आणि फक्त आता, दाबा. पट्टी पुन्हा आत. होल्डर बाहेर. दुधी काच परत जागेवर.

यात खरी गंमत अशी, की दुधी काच काढली की कॅमेऱ्याच्या मागून काहीही दिसत नाही. म्हणजे नेमका फोटो निघायच्या वेळी फोटोग्राफर आंधळा. त्याच वेळी समोरच्या मंडळींचा धीर सुटतो.

"काका, आता हसू का?"

"अजून नाही. पट्टी ओढतोय."

"मघाशी म्हणालात तयार म्हणून."

"मघाशी फोकस करत होतो. कुणी हलू नका."

"मावशी हलल्या."

"मी कुठे हलले? माशी होती."

जुन्या फोटोंतली माणसं एवढी गंभीर का, यावर जाणकार बरंच लिहितात. त्या काळची शिस्त, समाजाची बंधनं वगैरे. माझं मत आहे की ती माणसं पट्टी ओढली जायची वाट बघत होती.

बरं, एखादी पायरी चुकली की तिचा दंड वेगळा. शटर उघडं राहिलं, तर प्लेट काळी ठिक्कर. पट्टी ओढायची राहिली, तर प्लेट कोरी. पट्टी परत घालायची राहिली, तर होल्डर काढताना सगळं ऊन आत. आणि तोच होल्डर पुन्हा घातला गेला, तर मावशींच्या पोटातून बैलगाडी जाताना दिसते. घरोघरच्या जुन्या अल्बममध्ये असा एखादा फोटो असतोच, आणि त्याला भुताखेताची एक गोष्टही जोडलेली असते.

प्लेट होल्डरमध्ये भरायचं काम अंधाऱ्या खोलीत. साध्या प्लेटला तांबडा दिवा चालत असे, सगळे रंग दिसणाऱ्या चांगल्या पॅनक्रोमॅटिक प्लेटला तोही नाही. मग प्रकाश टिपणाऱ्या औषधाची बाजू कुठली हे ओळखायची युक्ती म्हणजे प्लेटचा कोपरा ओठांना लावायचा. जी बाजू ओठाला चिकटते ती औषधाची. इलफर्ड असो की आग्फा, ही परीक्षा सगळ्यांना सारखी. साध्या प्लेटला तांबडा दिवा चालायचा, कारण तिला तांबडं दिसायचंच नाही. तांबडं ते काळं येई. मावशींचं लालचुटुक लुगडं सुतकी काळं, काकांचं तांबडं पागोटंही काळं, आणि मागचं निळंशार आकाश पांढरं फटक. आपले पूर्वज एवढे उदास कपडे का घालत, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या काचेत आहे.

कंपन्यांचे उद्योगही बघण्यासारखे. १९२६ साली इका, एर्नेमान, गोएर्झ आणि कॉन्टेसा-नेटेल या चार कंपन्या मिळून झाइस इकॉन ही एक मोठी कंपनी झाली. एखाद्या शहाण्याला वाटेल, आता चौघांचे सारखे कॅमेरे जाऊन एक चांगला कॅमेरा येईल. तसं काही झालं नाही. बऱ्याच मॉडेलांचं जुन्या नावानिशी नव्या कॅटलॉगात पुनर्वसन झालं आणि सगळ्यांना आकड्यांची बिरुदं मिळाली. ९ × १२ चा मॅक्झिमार म्हणजे २०७/७, धाकटा २०७/३. संग्राहक मंडळी आजही आपसात या आकड्यांत बोलतात, तेव्हा शेजारून जाणाऱ्याला वाटतं, जमिनीचे गट नंबर चालले आहेत.

आणि कोडॅक! याच कंपनीच्या जॉर्ज ईस्टमननं १८८८ साली जगाला सांगितलं होतं, की तुम्ही नुसतं बटण दाबा, पुढचं सगळं आमच्याकडे लागलं. त्याच कंपनीनं १९३२ साली श्टुटगार्टचा नागेल कारखाना विकत घेतला आणि रेकोमार नावाचा फोल्डिंग प्लेट कॅमेरा विकायला काढला. वर सरकणारी पाटी, दुप्पट भाता, दुधी काच, सगळं काही. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी कोडॅकचं म्हणणं असं झालं, की सगळं तुम्हीच करा, आमच्याकडे फक्त बटण लागलं. गिऱ्हाइकांनी तेही आनंदानं घेतलं.

हे एवढं ऐकून कुणाला वाटेल, की हा कॅमेरा म्हणजे नुसता देखावा. तसं मुळीच नाही. पॅरिसमध्ये ब्रासाई नावानं ओळखला जाणारा हंगेरियन फोटोग्राफर १९३०च्या आसपास रात्र रात्र रस्त्यांवर हिंडे, तो साडेसहा × ९ चा बेर्गहाइल, तिपाई आणि काचेच्या प्लेटा घेऊन. धुकं, ओले दगडी रस्ते, गॅसच्या दिव्यांखालची माणसं. त्याचं 'पारी द नुई' हे पुस्तक त्यातूनच झालं, आणि रात्रीच्या शहराचे फोटो काढणारा आजही कधी ना कधी त्याच्यापाशी येऊन पोचतो. वेळ मोजायची त्याची पद्धत ऐका. शटर उघडं ठेवायचं आणि सिगारेट पेटवायची. उजेड बरा असेल तर गोलुआझ, जास्त अंधार असेल तर जाडजूड बोयार. सिगारेट संपली की शटर बंद. कंपनीच्या कॅटलॉगात एवढ्या सोयी, पण सगळ्यात कामाची सोय तंबाखूच्या दुकानात. प्रकृतीच्या दृष्टीनं ही पद्धत सुचवण्यासारखी नाही. ज्यांना सुचवायचीच असेल त्यांनी उदबत्ती लावावी.

याच कॅमेऱ्यांच्या ऐन भरात, १९२५ साली, लायका बाजारात आली. तिच्या जनकाला, ओस्कार बार्नाकला, प्लेट कॅमेऱ्याचं ओझं घेऊन डोंगर चढताना दम लागे. त्याला दम्याचा विकार होता. त्यानं खिशात मावणारा कॅमेरा केला आणि काचेच्या प्लेटांचे दिवस भरले. ९ × १२ ची एक प्लेट म्हणजे लायकाच्या साडेबारा चौकटींएवढी जागा, पण ती पाठीवर वाहून न्यावी लागते, आणि वाटेत पडली तर लायकाच्या फिल्मला काही होत नाही, प्लेटचे मात्र तुकडे होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर हे कॅमेरे माळ्यावर गेले. तिथून बरेच भंगारात, आणि काही आमच्यासारख्यांच्या घरी.

आमच्यासारख्यांची आज एकच रड आहे, ती होल्डरची. फिल्मचं एक वेळ जमतं. चेक देशातली फोमा कंपनी ९ × १२ ची शीट फिल्म अजूनही विकते. काचेऐवजी ती घालायची, तर मध्ये पत्र्याची पातळ चौकट लागते, तीही खटपटीनं मिळते. तिपाईचं भोक तीन-अष्टमांश इंचाचं आणि हल्लीचा स्क्रू पाव इंचाचा, म्हणून मध्ये बुश बसवावा लागतो. भात्याच्या कोपऱ्यांना पडलेली भोकं अंधारात टॉर्च आत घालून शोधता येतात आणि काळ्या रंगाच्या ठिपक्यानं बुजवता येतात. होल्डर मात्र ज्याचा त्यालाच लागतो. कडेचा पन्हळ एका कंपनीचा रुंद, दुसरीचा अरुंद, तिसरीचा भलतीकडेच. माप ९ × १२ असं दोन्हीकडे ठळक लिहिलेलं असतं, गोत्र, गण, नाडी सगळं जुळतं, आणि बसवायला गेलं की अर्ध्या मिलिमीटरवर घोडं अडतं. थोडं घासून बसेल म्हणून कानस घेणाऱ्यांनी आजवर पुष्कळ होल्डरांमधून उजेड आत सोडला आहे.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. घर आवरताना माळ्यावर पत्र्याच्या चपट्या काळ्या पाट्या सापडल्या, वर ओढायची पट्टी असलेल्या, तर त्या भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. कडेच्या पन्हळाची रुंदी आणि जाडी नीट मोजा आणि जुने कॅमेरे बाळगणाऱ्या एखाद्याला कळवा. तो बस पकडून येईल आणि चहासुद्धा मागणार नाही. आणि होल्डरांबरोबर काचा सापडल्या, तर त्या धुऊन देवाच्या तसबिरीला लावू नका. पूर्वी असं करून पुष्कळ घरांनी आपल्या मावश्या पुसून टाकल्या आहेत. काच कडांनी धरा, औषधाच्या बाजूला ना हात लावा ना ओला फडका, प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी उभी ठेवा, आणि मागून उजेड येईल अशी धरून त्यात कोण आहे ते घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आजच विचारून घ्या.